रातकिडे कुठे थांबले, तिथून भीती सुरू होते

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या डिचोलीचे पाच विद्यार्थी कॉलेजसाठी एका थ्रिलर फिल्मची अडीच मिनिटांची सुरुवात करत आहेत. रात्रीच्या शेवटच्या फेरीबोटीने एक मुलगी नार्वेहून दिवाडी बेटावर उतरते, आजोळच्या बंद घरापर्यंत एकटी चालत जाते आणि कुलूप काढते. घराच्या आवारात कोणीतरी आधीच आहे. शूटिंग नोव्हेंबरात आहे. मोबाइलवर चाचणी म्हणून केलेल्या कच्च्या कटला त्यांनी डाउनलोड केलेला घुमणारा खर्ज, हृदयाचे ठोके आणि शेवटी एक किंकाळी लावली. सर म्हणाले, ही सुरुवात वाटत नाही, ट्रेलर वाटतो. तर साउंड डिझाइन आधीपासून कसं आखायचं, आणि किंकाळी ठेवायची का?

मुलांनो, मी बावीस वर्षं गोव्यात आणि खाली कोकणात लोकेशन साउंड करते आहे, आणि तुमचा प्रश्न वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण तुम्ही तो शूटिंगच्या आधी विचारलात. बहुतेकजण एडिट लॉक झाल्यावर विचारतात, आणि तेव्हा आखण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

आपल्या भाषेत भीतीच्या आधीचे शब्द बघा. चाहूल लागते. आपण कानोसा घेतो. मनात शंकेची पाल चुकचुकते. यातलं डोळ्यांचं काहीच नाही, सगळं कानाचं. चाहूल म्हणजे माणूस दिसण्याआधी त्याचा पोचलेला आवाज, आणि तोही अर्धवट. तुमच्या अडीच मिनिटांत एवढं एकच काम आहे: प्रेक्षकाला कानोसा घ्यायला लावायचं. तो खुर्चीत किंचित पुढे सरकून ऐकू लागला की तुम्ही जिंकलात. आणि तो पुढे सरकतो तो आवाज कमी झाल्यावर.

आता खर्ज का फसला ते. कान एकसारख्या आवाजाला फार लवकर सरावतो. फ्रीज चालू होता हे आपल्याला तो बंद पडल्यावर कळतं. तसाच तुमचा खर्ज वीसएक सेकंदांनी ऐकू येईनासा होतो, कितीही मोठा ठेवलात तरी. शिवाय साठ-ऐंशी हर्ट्झचा आवाज मोबाइलच्या आणि बहुतेक लॅपटॉपच्या स्पीकरमधून नीट बाहेरच पडत नाही. तुम्ही हेडफोनवर शहारलात. सरांनी लॅपटॉपवर पाहिलं असेल तर त्यांच्यापर्यंत फक्त ठोके पोचले असणार. पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. खर्ज पहिल्याच सेकंदाला सांगून टाकतो की काहीतरी वाईट घडणार. मग पुढे अडीच मिनिटं प्रेक्षकाने शोधायचं काय?

संगीताशिवाय भीती उभी राहत नाही असं वाटत असेल तर एक उदाहरण पुरेल. हिचकॉक यांच्या १९६३ सालच्या ‘द बर्ड्स’मध्ये नेहमीसारखं पार्श्वसंगीत नाही. पक्ष्यांचे आवाज, त्यातले कितीतरी ट्राउटोनियम नावाच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर तयार केलेले, आणि त्या आवाजांच्या मधली शांतता, यांवर तो चित्रपट उभा आहे.

आता कामाला लागू. पटकथा बाजूला ठेवा आणि पाचहीजण रात्री त्या घरी जा, ज्या वेळी तुमचा सीन घडतो त्याच वेळी. कॅमेरा नेऊ नका. अंगणात बसा, डोळे मिटा, पंधरा मिनिटं बोलू नका. मग प्रत्येकाने वेगवेगळं लिहायचं: जवळ काय ऐकलं, थोडं लांब काय, अगदी दूर काय. पाच याद्या जुळणार नाहीत, आणि तेच हवं आहे. एकाला माडाची सुकी झावळी खोडाला घासताना ऐकू आली असेल, दुसऱ्याला कौलांवरून पत्र्यावर ठिबकणारं दव, तिसऱ्याला नदीपलीकडची मोटरसायकल. दुसऱ्या रात्री पुन्हा जा. दोन्ही रात्रींच्या यादीत जे आलं तो त्या जागेचा आवाज.

हे मी इतकं आग्रहाने सांगते त्याला कारण आहे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत सत्तरी तालुक्यातल्या एका शॉर्टफिल्मला मी परदेशी साउंड लायब्ररीतले बेडूक लावले होते. रेकॉर्डिंग स्वच्छ होतं, मिक्सही चांगला झाला होता. गावातच पडदा बांधून फिल्म दाखवली, आणि पुढच्या रांगेतली एक आजी मोठ्याने म्हणाली, “हे बेबे खंयचे गो?” म्हणजे, हे बेडूक कुठले गं? त्यानंतर त्या सीनची भीती कुणालाच वाटली नाही. लायब्ररीत सर्रास मिळणारा तो ‘रिबिट रिबिट’ आवाज अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहान बेडकाचा असतो. हॉलिवूड तिथेच असल्यामुळे तो जगभर पसरला. आपल्याकडचे मोठे पिवळे बेडूक पहिल्या पावसात ओरडतात, आणि ते ओरडणं अगदी निराळं. तुमचा सीन नोव्हेंबरातला आहे, म्हणून बेडूक सोडूनच द्या. नोव्हेंबरातली रात्र रातकिड्यांची.

आणि रातकिड्यांपाशी मला थोडं थांबायचं आहे, कारण तुमची अख्खी सुरुवात तिथे लपलेली आहे असं मला वाटतं.

रातकिड्याला जमिनीतली थरथर कळते आणि हवेची हालचालही कळते. पाऊल जवळ आलं की तो गप्प बसतो. तुम्ही निश्चल उभे राहिलात की थोड्या वेळाने पुन्हा सुरू करतो. लांबचे मात्र ओरडतच असतात. म्हणजे रात्री शेताच्या बांधावरून चालणाऱ्या माणसाभोवती शांततेचं एक रिंगण असतं आणि ते त्याच्याबरोबर पुढे सरकतं. गावात वाढलेल्या प्रत्येकाच्या कानाला हे ठाऊक असतं, पण शब्दांत कुणी सांगितलेलं नसतं. अशी गोष्ट साउंडवाल्याला मिळाली की त्याने ती सोडू नये.

आता हे तुमच्या कथेत बसवू. मुलगी बांधावरून चालते आहे, जवळचे रातकिडे थांबत जातात. ती बॅग खांदेपालट करायला उभी राहते. तीन-चार सेकंदांत जवळचे पुन्हा सुरू. पुढे चालते, पुन्हा थांबतात. मोबाइलचा टॉर्च लावायला उभी राहते, पुन्हा सुरू. कॅमेऱ्याने याकडे लक्ष वेधायचं नाही, मुलीनेही नाही. प्रेक्षकाच्या कानाने नियम शिकून घेतला. मग ती घराच्या अंगणात येऊन उभी राहते. तुळशीजवळचे रातकिडे सुरू होतात, गोठ्याकडचे सुरू होतात. विहिरीकडचे होत नाहीत.

एवढंच. ती स्वतः हलत नाही, तरी अंगणाचा एक कोपरा गप्प आहे. तिथे कोण उभं आहे हे दाखवायची गरज नाही. प्रत्यक्षात किडे पुन्हा सुरू व्हायला याहून जास्त वेळ लागतो. फिल्ममध्ये तो आवळायचा, तेवढी मुभा आपल्याला आहे.

इथे एक निर्णय लेखक-दिग्दर्शकाने आत्ताच घ्यायचा: हे ऐकतंय कोण? ती शांतता मुलीलाही जाणवली आणि ती वळून विहिरीकडे बघू लागली, तर प्रेक्षक तिच्याबरोबर घाबरेल. तिला जाणवलीच नाही आणि ती किल्ल्या शोधत राहिली, तर प्रेक्षक तिच्यासाठी घाबरेल. मी दुसरं निवडेन. कारण मग किल्ल्यांचा जुडगा तुमच्या हातात मोठं शस्त्र म्हणून येतो. जुडगा जवळचा, टोकदार, मोठा आवाज. तो खुळखुळला की त्यामागचं दूरचं काही ऐकू येत नाही. प्रेक्षकाला विहिरीकडे कान लावायचे आहेत आणि तिच्याच किल्ल्या आड येताहेत. ‘अगं, एक क्षण थांब ना’ असं त्याच्या मनात आलं पाहिजे.

हे सगळं कागदावर उतरवा. एक लांब ताव घ्या, आडवी रेघ मारून त्यावर अडीच मिनिटं दहा-दहा सेकंदांनी मोजा. रेघेच्या वर चित्र, खाली जवळचे आवाज, त्याखाली दूरचे, आणि सगळ्यात खाली एक ओळ फक्त याची की काय थांबतं. ही शेवटची ओळ बहुतेक साउंडच्या तक्त्यांत नसते. थ्रिलरला तीच लागते.

तुमचा ताव मला साधारण असा दिसतो. पहिली वीस सेकंदं फेरीबोटीचं इंजिन, भरगच्च, त्यात दोन माणसांचं न समजणारं बोलणं. इंजिन हे पांघरूण आहे. ते असेपर्यंत मुलगी सुरक्षित आहे. मग फेरीबोटीची फळी धक्क्यावर आदळल्याचा लोखंडी आवाज, दोन-तीन स्कूटर सुरू होऊन वेगवेगळ्या दिशांना जातात. मग फेरीबोट परत फिरते, आणि तिचं इंजिन लांब जाताना निदान पंचवीस सेकंद ऐकू येऊ द्या. हे कापायचा मोह होईल, कापू नका. परतीची वाट बंद होते आहे, हे त्या विरत जाणाऱ्या आवाजाइतकं कुठलाही संवाद सांगू शकणार नाही. ते खोटंही वाटणार नाही: रात्री पाण्यालगतची हवा थंड आणि वरची थोडी उबदार असली की आवाज वर निसटण्याऐवजी खाली वळतो, म्हणून नदीवरचं इंजिन रात्री फार लांबपर्यंत येतं. इंजिन पुरतं संपलं की रातकिडे ऐकू येऊ लागतात. ते मुळातच चालू होते, पांघरूण निघालं एवढंच. साधारण पंचावन्नाव्या सेकंदापासून बांध, एक मिनिट पस्तीसपासून अंगण, दोन-दहाला किल्ल्या आणि कुलूप.

थरांचा हिशेब इथे आपोआप जुळतो, हे मला या जागेचं विशेष आवडलं. फेरीबोटीच्या इंजिनाचं वजन दोनशे हर्ट्झच्या खाली, पावलं आणि बोलणं मधल्या पट्टीत, रातकिडे चार-पाच किलोहर्ट्झच्या आसपास आणि वर. कोणी कोणाच्या जागेवर बसत नाही. फक्त एक लक्षात असू द्या, माणसाचा कान दोन ते पाच किलोहर्ट्झमध्ये सगळ्यात तिखट असतो. रातकिडे वाटतात त्यापेक्षा हळू ठेवा, नाहीतर लोक मिनिटभरात वैतागतील.

रेकॉर्डिंगबद्दल. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल असा लेव्हल. हातात मावणारा साधा रेकॉर्डर चालेल, पण माईकवर केसाळ वाऱ्याची टोपी हवीच. नदीकाठी साध्या फोमने भागत नाही. प्रत्येक जागेचा एक मिनिटाचा रिकामा आवाज घ्या: फेरीबोटीवर, बांधावर, अंगणात, ओसरीवर, माजघरात. त्या मिनिटात कुणी पायाची चुळबूळसुद्धा करायची नाही. घरात वीज चालू असेल तर फ्रीज आणि पंखे बंद करा. आपल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण एकदा रेकॉर्डिंगमध्ये शिरली की १००, १५० वरही तिची पिल्लं सापडतात. फ्रीज बंद करताना आपल्या गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे तो पुन्हा चालू केल्याशिवाय कुणी घरी जाणार नाही. हे घरमालकासाठी.

रातकिडे सगळे एकाच रात्री रेकॉर्ड करा. त्यांच्या ओरडण्याचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. डॉलबेअर नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने १८९७ साली यावरून तापमान काढायचं सूत्रच मांडलं होतं. उबदार रात्रीचे किडे आणि गार रात्रीचे किडे एका सीनमध्ये जोडलेत तर कान कुठेतरी अडखळतो. आणि तुळशी, गोठा, विहीर असे तीन कोपरे तीन वेगळ्या ट्रॅकवर, प्रत्येकी पाच मिनिटं घ्या. किडे हवे तेव्हा थांबणार नाहीत. थांबणं एडिटमध्ये करायचं आहे, म्हणून कोपरे सुटे हवेत. ट्रॅक एकदम तोडू नका. त्या कोपऱ्यातला एक किडा आधी थांबतो, मग दुसरा, मग उरलेले. अर्ध्या-पाऊण सेकंदात हे घडू द्या.

आणखी एक, पंचांग बघून तारीख ठरवा. तुळशीच्या लग्नानंतर आपल्याकडे जत्रा आणि काले, म्हणजे देवळापुढचे नाट्यखेळ, सुरू होतात. पलीकडच्या तीरावर रात्री नाटकाचा माईक लागला तर ज्या हवेने तुमच्यापर्यंत फेरीबोट आणली तीच हवा ते पदही आणेल.

पावलं शूटिंगच्या वेळची वापरू नका. नंतर त्याच चपला घालून, त्याच अंगणात, एकट्या पावलांसाठी अर्धी रात्र द्या. चिऱ्याच्या बारीक खडीवरचं पाऊल, शेणाने सारवलेल्या अंगणातलं पाऊल आणि ओसरीच्या लादीवरचं पाऊल हे तीन वेगळे आवाज आहेत. बांधापासून दारापर्यंत तिची वाट हे तीनच आवाज सांगतील. किल्ल्या, कडी-कोयंडा, बिजागरी यांचेही सुटे रेकॉर्डिंग घ्या, प्रत्येक दहा-दहा वेळा. पंचवीस फ्रेमच्या फिल्ममध्ये एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. पाऊल दोन फ्रेम चुकलं तर सरावलेल्या नजरेला खटकतं, तीन-चार चुकलं तर कुणालाही. इथे आळस नको.

जुन्या कौलारू घरात आवाज घुमत नाही, कौलांच्या फटींतून निघून जातो. म्हणून आतल्या शॉटला ‘भुताटकी’ म्हणून मोठा रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, लावलात तर घर लगेच नकली वाटेल. ही चूक जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी फिल्ममध्ये असते.

खर्ज हवाच असेल तर तो तुमच्याच जागेतून काढा. फेरीबोटीचं इंजिन निम्म्या वेगाने वाजवलं की स्वर एक सप्तक खाली येतो आणि त्यातली ठकठक श्वासासारखी होते. ते अगदी हळू, फक्त अंगणातल्या त्या गप्प कोपऱ्याखाली, पाच-सहा सेकंद. प्रेक्षकाने तो आवाज सुरुवातीला इंजिन म्हणून ऐकलेला असतो. ओळख पटत नाही, पण परकाही वाटत नाही. विहिरीच्या रहाटाची करकरही अशीच वापरता येईल. आणि शीर्षकाला वाद्य हवं असेल तर घुमटाची, म्हणजे मातीच्या घड्याला कातडं ताणलेल्या आपल्या गोव्याच्या वाद्याची, एकच थाप घ्या, तोंडावर तळहात दाबून खर्ज कोंडलेली. राज्याने २०१९ साली घुमटाला वारसा वाद्य म्हणून घोषित केलं आहे, पण त्याहीपेक्षा चवथीच्या आरत्यांमुळे तो आपल्या कानात भरल्या घराचा आवाज म्हणून बसला आहे. तोच एकटा, रिकाम्या घराजवळ वाजला तर काय होतं बघा. घोरपडीच्या कातड्याचा जुना घुमट नको, घोरपड कायद्याने संरक्षित आहे. बकऱ्याच्या कातड्याचे मिळतात.

मिक्सबद्दल एकच धोका सांगते, कारण तो थेट तुमच्या मुख्य क्षणावर येतो. हेडफोनवर तुम्ही विहीर डावीकडे ठेवाल आणि डावा कान गप्प झाला की अंगावर काटा येईल. मोबाइलच्या स्पीकरवर डावं-उजवं जवळजवळ उरतच नाही. म्हणून विहिरीकडच्या किड्यांचा आवाज जातीनेच वेगळा हवा: थोडा जाड, सावकाश लय असलेला किडा निवडा, आणि बांधापासून घराजवळ येताना तो ओळखीचा होऊ द्या. एका स्पीकरवर, डोळे मिटून, कथा माहीत नसलेल्या मित्राला ऐकवा. ‘काहीतरी थांबलं’ असं तो म्हणाला तर झालं. नाही म्हणाला तर पुन्हा मिक्स. कॉलेजच्या ज्या हॉलमध्ये दाखवणार तिथेही आदल्या दिवशी वाजवून बघा, प्रोजेक्टरच्या पंख्याखाली तुमची शांतता बुडते की काय ते कळेल. इंटरनेटवर टाकणार असाल तर यूट्यूब त्याहून मोठ्या आवाजांना साधारण उणे १४ एलयूएफएसजवळ (हे सरासरी मोठेपणाचं माप) खाली आणून ठेवतं, म्हणून मोठा आवाज करण्याच्या शर्यतीत उतरू नका. तुमची संपत्ती मोठ्या आणि हळू आवाजांतलं अंतर आहे.

पाचांपैकी एकाने फक्त साउंड करायचा. त्याच्याकडे कॅमेऱ्याचं सामान नाही, चहाची जबाबदारी नाही. कानाला हेडफोन आणि टेक थांबवायचा पूर्ण अधिकार. एडिटला जितके दिवस ठेवले असतील तितकेच साउंडला ठेवा. आणि एखादा आवाज बाहेरून घ्यावा लागलाच तर त्याचा परवाना त्याच दिवशी वहीत लिहा, स्पर्धेला पाठवताना ती वही लागते.

राहिली किंकाळी. ठेवू नका. किंकाळीने प्रश्नाचं उत्तर मिळतं, आणि तुमची फिल्म अजून सुरूही झालेली नाही. कुलूप निघतं, कडी सरकते, ती आत पाऊल टाकते, दार तिच्यामागे लागतं. पडदा काळा. शीर्षक येण्याआधी सहा सेकंद अंगणाचाच आवाज चालू ठेवा: तुळशीचे रातकिडे, गोठ्याचे रातकिडे. चौथ्या सेकंदाला विहिरीकडचा तो जाड आवाजाचा किडा पुन्हा सुरू होतो, कारण तिथे आता कुणी उभं नाही. आणि ओसरीजवळचे थांबतात.